पळ्याची किंमत आणि वर्नाची खुर्ची

वर्ना हुदाचेकला डॉनर्सबर्गात दोन गोष्टींसाठी ओळखत. एक तिची मुरड आणि दुसरी तिची जीभ. मुरड चर्चच्या तळघरात चाले, जीभ रेडिओवर.

मुरड पिरोगीची. पिरोगी म्हणजे आपल्या करंजीची स्लोव्हाक बहीण. पातळ लाटी, आत बटाटा आणि चीज, कडेला मुरड, मग उकळत्या पाण्यात बुडी आणि शेवटी कांद्याबरोबर लोण्यात लोळण. गुरुवारी दुपारी बायाबापड्यांनी भरायच्या, शुक्रवारी गावाने रांग लावून न्यायच्या. चर्चचं छप्पर, बॉयलर आणि फादरची गाडी, या तिघांचा संसार त्या पिरोगीवर चालतो. मुरडीच्या टेबलाची टोकाची खुर्ची, खिडकीतल्या पंख्याजवळची, ती वर्नाची. कुणी तसं लिहून ठेवलं नव्हतं. पण नवीन माणूस चुकून तिथे टेकला तर बाकीचे सगळे एकदम गप्प होत, आणि तो आपणहून उठे.

जीभ मात्र फुटबॉलसाठी राखून ठेवलेली, तो हातात चेंडू घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल. शहरातला आमचा संघ म्हणजे बार्जमेन. ऑगस्टात त्यांचा सराव सुरू झाला की वर्ना सकाळच्या रेडिओला फोन लावी. रेडिओवरचा माणूस खूश होऊन सांगे, “आल्या, डॉनर्सबर्गच्या वर्नाबाई आल्या.” आणि मग ती दरवर्षीचं आपलं म्हणणं मांडी. ते म्हणणं पळ्यांबद्दल असे.

या खेळात एक फेक्या असतो. तो चेंडू लांब फेकतो, आणि पैसा, जाहिराती, शाम्पू, सगळं त्याच्या वाट्याला येतं. आणि एक असतो पळ्या. रेडिओवर त्याला रनिंग बॅक म्हणतात. फेक्या त्याच्या पोटात चेंडू कोंबतो, आणि तो समोरच्या दीडदीडशे किलोच्या माणसांच्या ढिगात डोकं खुपसतो. उठतो, परत खुपसतो. सत्ताविशीला त्याचे गुडघे सत्तरीचे होतात. मग क्लबातले सूटवाले त्याच्या पाठीवर थाप मारतात, छान पळलास म्हणतात, आणि बाविशीचा नवा गडी आणतात.

वर्नाला यात काहीच वावगं दिसत नसे. “वाट उघडून देते ती पुढची फळी,” ती रेडिओला सांगे. “ते पाच रेडे भिंत पाडतात. त्या भोकातनं माझी सासूसुद्धा पळाली असती. पळ्यांना कशाला पैसे ओतायचे? एकाऐवजी तीन स्वस्तातले आणा, आळीपाळीने पळवा, दमले की बदला.” याला रेडिओवरचे शहाणे कमिटी म्हणतात. वर्नाला तो शब्द फार आवडे.

नवरा लॅडी होता तोवर घरात यावरनं रोज जुंपायची. लॅडीचा जन्म पोलादाच्या कारखान्यात गेला. तो म्हणायचा, मार खातो त्याला दोन घास जास्त मिळायला हवेत. वर्ना म्हणायची, मार खायला अक्कल लागत नाही. लॅडी गेल्यावर वाद घालायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून तर ती रेडिओला फोन करायला लागली. नणंद इर्मा शेजारच्याच घरात होती, पण तिच्याशी वाद घालून मजा यायची नाही. ती एवढंच म्हणे, “आईला जिना उतरता येत नव्हता गं, ती कुठनं पळणार?”

तर त्या वर्षी ऑगस्टात लिव्हॉन ट्रसडेल घरी बसला.

लिव्हॉन आमचा पळ्या. आदल्या हंगामात सगळा संघ पाठीवर घेऊन पळालेला. आता त्याचं म्हणणं, मला चार वर्षांचा करार द्या. क्लब म्हणे, एक वर्ष घे, पुढचं पुढे पाहू. तो म्हणाला, मग सरावाला येत नाही. आणि खरंच आला नाही. पळ्यांचं हे जुनं हत्यार आहे, आणि ते जवळजवळ दर वेळी बोथट निघतं.

गाव खवळलं. न्हाव्याच्या दुकानात, हॅम कापून देणाऱ्या काउंटरपाशी, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे तिथे लिव्हॉनचा माज. सगळ्यात जास्त खवळली वर्ना. इर्माने वाढदिवसाला दिलेली लिव्हॉनच्या नावाची जर्सी तिने कपाटातून काढली. नाराज झालं की नावावर टेप मारायची इथे रीतच आहे. तिने पाठीवरच्या ट्रसडेलवर नळाला लावायची राखाडी चिकटपट्टी आडवी मारली आणि वर काळ्या मार्करने लिहिलं, “कुणीही”. ती जर्सी घालून ती मासेबाजारातसुद्धा जाऊन आली. लोकांनी फोटो काढले.

आता ग्रेग मतुलाबद्दल सांगायला हवं. ग्रेग विमा कंपनीत कामाला. माणसं किती वर्षं जगतील याचा अंदाज बांधायचा, हा त्याचा धंदा. पोरगा तसा गुणी, लहानपणी वर्नाच्याच रविवारच्या वर्गात बसायचा, प्रार्थनेच्या वेळी नाकात बोट घालायचा. तो उन्हाळ्यात चर्चच्या स्वयंपाकघराचा प्रमुख झाला. सुधारणा केल्याशिवाय प्रमुख झाल्यासारखं वाटत नाही, म्हणून त्याने सुधारणा केली.

पीठ मळणारे आणि सारण करणारे जागच्या जागी राहतील, असं त्याने जाहीर केलं, कारण पिरोगीची चव तिथे ठरते. मुरड काय, शेवटचं काम. तिथे पाळीपाळीने तिघं बसतील: दातांच्या दवाखान्यातली एक मुलगी, एक रिटायर झालेला बस ड्रायव्हर आणि शाळेत कवायत घेणारे एक मास्तर. सत्तरीच्या वरच्यांनी खोकी दुमडायच्या टेबलावर जावं. तिथे निवांत काम आहे, धग नाही, बोटांना ताण नाही.

वर्ना एकाहत्तरची. तिने ओट्यावर हात टेकले आणि ग्रेगकडे बघितलं.

“मला खोक्यांवर बसवतोस, ग्रेगी?”

“तुमच्याच भल्यासाठी, मिसेस हुदाचेक. आणि खरं सांगू? कल्पना तुमचीच आहे. मी गाडीत रोज ऐकतो तुम्हाला. पुढची फळी पक्की असली की पळणारा कुणीही चालतो. एकाऐवजी तीन. मी फक्त फळीच्या जागी पीठ घातलं.”

तो हे कौतुकाने म्हणाला. त्याला वाटलं, बाई खूश होतील. टेबलावरच्या बायका गप्प झाल्या, तशाच, नवा माणूस खुर्चीत बसल्यावर होत तशा. वर्नाने एप्रन काढला, घडी घातली, ग्रेगच्या हातात दिला आणि घरी निघून गेली.

घरी येऊन तिने इर्माला सांगितलं, “मी जात नाही आता. माझी खुर्ची देईपर्यंत जात नाही.”

इर्मा आधीपासूनच खोक्यांवर होती आणि तिथे सुखात होती. खोकी दुमडता दुमडता तिला सगळ्या गावाची बित्तंबातमी मिळे. पण वहिनीचं हे ऐकून तिच्या डोळ्यांत चमक आली. “म्हणजे तू त्या लिव्हॉनसारखी घरी बसलीस,” ती म्हणाली. “मग तुला एजंट हवा.”

“मला काही एजंट नको.”

“खेळाडू असंच म्हणतात. तू तोंड उघडायचं नाही. तोंड मी उघडते.”

आणि तिने उघडलं. केस सेट करायच्या दुकानात कुणी विचारलं, वर्ना दिसत नाही, तर इर्मा डोक्यावरचं यंत्र उचलून सांगे, “माझ्या खेळाडूला यावर काही बोलायचं नाही.” हॅमच्या काउंटरवर सांगे, “बोलणी चालू आहेत.” बोलणी कसली, ग्रेगने एकदाही फोन केला नव्हता. पण शुक्रवारपर्यंत गावात दोन तट पडले. एक म्हणे, वर्नाने चर्चला वेठीला धरलंय, देवाच्या कामात कसला मान मागायचा. दुसरा म्हणे, तिच्याशिवाय पिरोगी खाणार नाही. हा दुसरा तट शुक्रवारी रांगेत सगळ्यात पुढे उभा होता.

त्याच शुक्रवारी इर्मा एक खोकं विकत घेऊन आली. दोघींनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खाल्ली. वर्नाने एक खाल्ली, मग दुसरी. मुरड जरा जाड होती, पण सुटली नव्हती. सारण आत होतं, लोणी बाहेर होतं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

“चांगली झालीय,” वर्ना म्हणाली. वाईट असती तर घास सहज उतरला असता.

“लोण्यात तळलं की जोडासुद्धा चांगला लागतो,” इर्मा म्हणाली. नणंद असली तरी मनाने चांगली बाई.

त्या रात्री वर्नाने उजवा अंगठा चोळत बसून बराच विचार केला. अंगठ्याच्या मुळाशी वर्षभर कळ येत होती. आधी तासाभरात टोपलं भरायचं, आता भरत नव्हतं. हे तिला ठाऊक होतं आणि ग्रेगला नव्हतं. त्याने तर फक्त वय बघितलं होतं. त्याचंच जास्त लागलं. कळ ओळखून उठवलं असतं तर निदान कुणी तिच्या हाताकडे बघितलं तरी असतं.

सकाळचा रेडिओ ती लावायची, पण फोन करत नव्हती. तिसऱ्या दिवशी रेडिओवरचा माणूस म्हणालाच, “वर्नाबाई कुठे आहेत? लिव्हॉन घरी बसलाय आणि बाई गप्प, हे काही बरं लक्षण नाही.” मग कुणी एक गृहस्थ फोनवर आले आणि त्यांनी वर्नाचंच सगळं बोलणं म्हणून दाखवलं. फळी, भोक, तीन स्वस्तातले. सासूच्या जागी आजी घातली, तेवढाच फरक. वर्ना भांडी घासत ऐकत होती. हे मत दुसऱ्याच्या तोंडून इतकं हिणकस लागेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने ओल्या हाताने रेडिओचा कान पिळला आणि इर्माला विचारलं, “हा लिव्हॉन आता सकाळी उठून काय करत असेल गं?”

“त्याला पोहायचा तलाव आहे घरी.”

“तलाव असू दे. पण उठल्यावर, जायचं कुठेच नसताना, काय करत असेल?”

इर्माने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि स्वतः घासायला लागली.

दिवस चालले. हंगामाचा पहिला सामना त्या वर्षी गुरुवारी संध्याकाळी, तोही बाहेरगावी. म्हणजे काय, दुपारपासूनच डॉनर्सबर्गात घराघरासमोर शेगड्या पेटल्या, सॉसेजचा धूर गल्लीभर झाला, आणि टीव्ही उचलून गाडीच्या गॅरेजात आणले गेले. सकाळीच रेडिओने बातमी दिली होती: लिव्हॉनने सही केली. चार वर्षं नाही, दोन नाही. क्लब पहिल्या दिवशी देत होता तेच एक वर्ष, तेवढ्याच पैशांत. गावाला फार आनंद झाला. माज उतरला म्हणे.

वर्ना अंगणात खुर्ची टाकून बसली होती, “कुणीही”ची जर्सी घालून, कारण दुसरी नव्हती. इर्मा बटाट्याच्या चकत्यांची पिशवी घेऊन शेजारी. तेवढ्यात ग्रेगची गाडी येऊन थांबली. ग्रेग उतरला. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर पीठ, चष्म्यावर पीठ.

झालं होतं असं. दातांच्या दवाखान्यातल्या मुलीला वाटलं, आज मास्तर आणि ड्रायव्हर आहेतच, आपण सामना बघू. ड्रायव्हरला वाटलं, ती दोघं तरुण आहेत, उरकतील. मास्तर तर सकाळीच सामन्याच्या गावाला निघून गेले होते, कारण मागे दोघं होते. तिघांनीही एकमेकांवर पूर्ण विश्वास टाकला होता. पीठ मळून तयार, सारणाची पातेली भरलेली, टेबलावर लाट्या पसरलेल्या, आणि मुरडीला कुणीही नाही. मळणाऱ्या बायका आपलं काम संपवून सामना बघायला घरी गेल्या होत्या. त्या पुढची फळी होत्या, त्यांनी भिंत पाडून दिली होती. उद्याच्या शुक्रवारी वर्षातली सगळ्यात मोठी रांग लागणार होती.

“मिसेस हुदाचेक,” ग्रेग म्हणाला, “लाट्या सुकायला लागल्यात.”

इर्मा पिशवी खाली ठेवून उठली. “माझ्या खेळाडूशी थेट बोलायचं नाही. काय देतोस?”

“इर्मामावशी, मला वेळ नाही हो.”

“वेळ नसतो त्याला जास्त द्यावं लागतं.”

वर्नाने नणंदेच्या कोपराला हात लावून तिला बसवलं. “ग्रेगी, मला माझी खुर्ची हवी. पंख्याजवळची. मी आपणहून उठेन तोवर.”

ग्रेगने चष्मा पुसायला घेतला. तो आणखीच माखला. खरं तर त्या क्षणी त्याने हो म्हणायला काय हरकत होती? पण माणूस विम्याचा. किती वर्षं टिकेल याचा हिशेब झाल्याशिवाय त्याच्या तोंडून वचन फुटत नाही. “तेवढी हमी मी कशी देऊ,” तो म्हणाला. “चर्चची कमिटी आहे, फादर आहेत. तुमची तब्येत आहे. ईस्टरपर्यंत घ्या. पुढचं पुढे पाहू.”

इर्मा म्हणाली, “अजिबात नाही. वर्ना, बसून राहा. अजून तासभर सुकू दे लाट्या, मग हा मरेपर्यंतची देतो.”

तिचं चुकत नव्हतं. अख्ख्या ऑगस्टात वर्नाच्या हातात पहिल्यांदाच पत्ते चांगले आले होते. पण वर्नाच्या डोळ्यांसमोर त्या लाट्या होत्या. कडा आधी सुकतात, मग पांढऱ्या पडतात, मग कितीही पाणी लावा, चिकटत नाहीत. आणि तिचा जीव त्या खुर्चीत अडकला होता, हे ग्रेगला कळलं नाही तरी तिला स्वतःला कळलं होतं. ती उठली.

“सही केलीस?” इर्माने विचारलं.

“त्यानेही केलीच ना.”

“म्हणून तर पळ्यांचं हे असं होतं,” इर्मा म्हणाली, आणि पिशवी घेऊन पाठोपाठ निघाली. एजंटाला खेळाडूला सोडून जाता येत नाही.

तळघरात तिघांनी रेडिओ लावून मुरड घातली. वर्ना पंख्याजवळ, इर्मा समोर, ग्रेग मध्ये. वर्ना दर थोड्या वेळाने अंगठा ताठ करून झटकायची. ग्रेगने ते बघितलं आणि पहिल्यांदाच विचारलं, दुखतंय का. ती म्हणाली, तू तुझ्या कडा बघ. त्याच्या कडा बघण्यासारख्याच होत्या.

लिव्हॉन पहिला बराच वेळ आलाच नाही. तीन नवे पळत होते, आणि खोटं कशाला सांगायचं, बरे पळत होते. मग एकदाचा तो आला. रेडिओवरच्या माणसाने सांगितलं, चेंडू ट्रसडेलकडे, मधोमध घुसला, दोन यार्ड, त्याच्यावर सगळा ढीग पडलाय. मग जरा थांबून म्हणाला, उठला.

वर्नाचे हात थांबले. “ग्रेगी,” ती म्हणाली, “माझे हात पिठाचे आहेत. माझ्या पाठीवरची ती पट्टी काढ.”

“माझेही पिठाचेच आहेत.”

“मग पिठानेच काढ.”

ग्रेगने एक टोक धरून ओढलं. पट्टी तीन आठवडे उन्हात तापलेली. ती निघाली, पण खालची अक्षरंही बरोबर घेऊन आली. पाठीवर नुसत्या चिकट खुणा उरल्या आणि शेवटचा एक अर्धवट ‘ल’.

“नाव गेलं, मिसेस हुदाचेक.”

“असू दे. मला माहितेय कुणाचं होतं.”

सामना बार्जमेन जिंकले. कमिटीने जिंकला, असं दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं. इर्माने एजंटाची फी म्हणून पिरोगीचं एक खोकं मागितलं. ग्रेगने मुरड घातलेल्यांचंच द्यायचं ठरलं, कारण त्या विकता येण्यासारख्या नव्हत्या. त्यातल्या अर्ध्या पाण्यात उघडल्या होत्या. इर्माने त्या सूप म्हणून चमच्याने खाल्ल्या.

ईस्टर आला आणि गेला. ग्रेग खुर्चीबद्दल काही बोलला नाही, आणि वर्नानेही आठवण करून दिली नाही. मात्र ईस्टरनंतरच्या गुरुवारी टेबलावर तिच्या जागेपाशी कुणीतरी अंगठ्याला बांधायचा लवचिक पट्टा ठेवलेला सापडला. पाकिटावर किमतीचं लेबल तसंच होतं, मूळ किंमत खोडून निम्मी केलेली. हिशेब विम्याच्या माणसाचा, त्यावरून कुणी ठेवला ते सगळ्यांनी ओळखलं.

लिव्हॉनला क्लबाने वसंतात मोकळं केलं. छान पळलास म्हणाले. त्याच्या जागी बाविशीचा पोरगा आणला, कुठल्याशा मक्याच्या मुलखातला, खांदे दारात न मावणारे. त्या सकाळी वर्नाने रेडिओला फोन लावला, ऑगस्टानंतर पहिल्यांदा.

“आल्या, वर्नाबाई आल्या,” रेडिओवरचा माणूस म्हणाला. “काय बाई, पळणारे कुठेही मिळतात की नाही?”

“मिळतात,” वर्ना म्हणाली. “त्या नव्या पोराला माझा एक निरोप द्या. म्हणावं, आज सगळे टाळ्या वाजवतायत तोवरच खुर्ची मागून घे. एकदा लाट्या सुकायला लागल्या की आपणच उठतो आणि ईस्टरपर्यंतची घेतो.”

रेडिओवरचा माणूस म्हणाला, “खुर्ची? कसली खुर्ची, वर्नाबाई?”

पण गुरुवार होता, आणि खाली इर्मा हॉर्न वाजवत होती.